वर कोरडं, आत चिंब: तापलेल्या खोलीत कोकोपीटला पाणी कधी द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉन्स्टेरा, मनी प्लांट आणि कॅलेथिया ही तिन्ही रोपं घरात, कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुशात), पश्चिमेकडच्या खिडकीपाशी. दुपारी खोली ३५ अंश सेल्सियसपर्यंत तापते. कोकोपीट रोज सकाळी वरून कोरडं दिसतं म्हणून रोज पाणी घातलं जातं. तरीही दुपारी पानं मान टाकतात, कडा तपकिरी पडत चालल्यात आणि मॉन्स्टेराच्या कुंडीला कुबट वास येतोय. मग पाणी दिवसातून दोन वेळा द्यावं का?

दोन वेळा देऊ नका. मॉन्स्टेराला तर उद्या सकाळीही देऊ नका, आधी कुंडी उचलून बघा. वर्णनावरून माझा अंदाज असा, की तीन कुंड्यांत तीन वेगळ्या गोष्टी चालू असाव्यात आणि तिन्हींवर रोजच्या पाण्याचा एकच इलाज चाललाय. कुबट वास ही मुळांपाशी हवा संपल्याची खूण आहे. पान लोंबणं मात्र फसवं असतं. पाणी कमी पडलं तरी पान लोंबतं, मुळं कुजली तरी लोंबतं, आणि मुळं धडधाकट असतानाही भर दुपारी पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना ओढता आलं नाही, तरी लोंबतं. पहिल्या प्रकारात पाणी हा उपाय आहे, दुसऱ्यात पाणी हेच कारण आहे आणि तिसऱ्यात पाण्याचा संबंधच नाही, सावलीचा आणि वाऱ्याचा आहे.

हे ओळखण्याची सोपी चाचणी म्हणजे वेळ आणि वजन. दुपारी लोंबलेलं पान रात्री आठ-नऊपर्यंत आपोआप ताठ झालं, तर तो उष्णतेचा तात्पुरता ताण. रात्रभरातही सावरलं नाही आणि कुंडी हलकी लागली, तर तहान. सावरलं नाही आणि कुंडी जड लागली, तर मुळं गुदमरतायत.

आता वरच्या कोरड्या थराबद्दल, कारण कोकोपीटमध्ये बहुतेकांचा घात इथेच होतो. माती भरलेल्या कुंडीत बोट खुपसून अंदाज घ्यायची सवय असते आणि मातीत ती बऱ्यापैकी चालते. कोकोपीटचा वरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर थर गरम हवेत काही तासांत वाळून फिकट तपकिरी होतो, आणि त्याच वेळी चार बोटं खाली तेच कोकोपीट गडद आणि पिळलं तर थेंब गळेल इतकं ओलं असू शकतं. हा वाळलेला थर खालच्या ओलाव्यावर झाकणासारखा बसतो. शिवाय कुठल्याही कुंडीत, भोकं कितीही असली तरी, तळाचा काही सेंटिमीटरचा थर पाणी धरूनच ठेवतो. कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून ते पाणी नुसत्या वजनाने खाली उतरत नाही. कोकोपीट जितकं बारीक तितका हा चिंब थर जाड. कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे टाकून तो जात नाही, फक्त तेवढ्या उंचीने वर सरकतो आणि मुळांची जागा खातो. रोज थोडं थोडं पाणी घातलं की वरचा थर रोज वाळतो, तळ कधीच वाळत नाही आणि मुळं नेमकी तळाशी जास्त असतात.

स्वस्तातल्या ओलावा-मीटरवरही विसंबू नका. ते प्रत्यक्षात ओलावा मोजत नाहीत, वीज किती सहज वाहते ते मोजतात. खतयुक्त कोकोपीटमध्ये ते ओलं दाखवतात आणि भुसभुशीत भागात सळईला नीट स्पर्श मिळाला नाही की कोरडं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा बरा. पाच किलोपर्यंतचा असला की घरातल्या बहुतेक कुंड्यांना पुरतो.

वजनाचा हिशेब असा. सकाळी कुंडीला खालून पाणी निघेपर्यंत सावकाश पाणी द्या, अर्धा तास निथळू द्या आणि वजन करा. हे भरलेलं वजन. १५ सेंटिमीटरची कुंडी, त्यात दोन लिटर मिश्रण, सात भाग कोकोपीट आणि तीन भाग पर्लाइट (मिश्रणात हवा खेळती ठेवणारे पांढरे, हलके कण), असं धरलं तर रोपासकट भरलेलं वजन १४०० ग्रॅमच्या आसपास यावं. त्यात साधारण एक किलो म्हणजे एक लिटर पाणी असतं. बाकीचं कुंडी, कोरडं मिश्रण आणि रोप. तुमच्या कुंडीचे आकडे वेगळे येतील, म्हणून भरलेल्या वजनाची चिठ्ठी कुंडीलाच चिकटवा. रोप वाढलं की दोन-तीन महिन्यांनी नव्याने मोजा.

त्यातलं किती पाणी कमी झाल्यावर पुन्हा द्यायचं, हे रोपावर ठरतं. कॅलेथिया आणि फर्नसारख्या बारीक मुळांच्या रोपांना एक लिटरपैकी २५० ते ३०० मिलिलिटर उडालं की द्या. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन यांना ४०० ते ५०० मिलिलिटर कमी होऊ द्यायला हरकत नाही. झेडझेड किंवा सॅन्सेव्हेरिया असती तर ७००-८०० पर्यंतही थांबलो असतो. पाणी एक ग्रॅमला एक मिलिलिटर, त्यामुळे काटाच थेट सांगतो किती द्यायचं. वजन ४०० ग्रॅमनी घटलं असेल तर ४०० अधिक वर दहा ते वीस टक्के, म्हणजे साडेचारशे ते पावणेपाचशे मिलिलिटर. ते वरचे पन्नास-पाऊणशे मिलिलिटर खालून वाहून जायलाच हवेत, त्याचं कारण पुढे क्षारांच्या भागात येईल.

आठवडाभर रोज एकाच वेळी वजन केलंत की हात तयार होतो, मग नुसती कुंडी उचलून कळतं. पण तो पहिला आठवडा टाळू नका. ‘किती दिवसांनी पाणी द्यायचं’ याचं दिवसांत उत्तर कोणी दिलं तर ते त्याच्या खोलीपुरतं खरं असतं. कुंडीचा आकार, मुळांनी किती जागा भरलीय, कोकोपीट किती बारीक, उजेड किती, पंखा चालू की बंद, यातलं एक बदललं तरी दोन दिवसांचे पाच होतात.

पाणी घालण्याची पद्धतही महत्त्वाची. एका कोपऱ्यात धार सोडली की पाणी तिथूनच वाट काढून खाली येतं आणि बाकीचं कोकोपीट तसंच राहतं. झारीने किंवा बारीक तोंडाच्या बाटलीने सगळ्या पृष्ठभागावर फिरवत निम्मं पाणी द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं द्या. पहिल्या पाण्याने कोकोपीट फुगतं आणि दुसरं सारखं पसरतं. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी वीस मिनिटांत ओतून टाका. कुंडी शोभेच्या दुसऱ्या भांड्यात ठेवली असेल, तर तिच्या तळाशी नकळत साचलेलं दोन बोटं पाणी हे मुळं कुजण्याचं नेहमीचं कारण आहे, तेही तपासा.

उलट बाजूने, कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं तर ते आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग वरून दिलेलं पाणी त्या फटीतून लगेच खाली येतं आणि आपल्याला वाटतं कुंडी भरली. अशा वेळी वजन खरं बोलतं, कारण ते वाढलेलंच नसतं. ती कुंडी वीस ते तीस मिनिटं पाण्याच्या टबात निम्म्या उंचीपर्यंत ठेवा, वरचा थर गडद झाला की काढा आणि नीट निथळू द्या.

आता उष्णतेकडे. ३५ अंशांवर पाण्याची चूक इतकी महाग का पडते, ते समजलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

मुळं श्वास घेतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांची ऑक्सिजनची गरज जवळपास दुप्पट होते. पण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५ आणि ३५ ला ७ च्याही किंचित खाली. त्यातच पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. म्हणजे चिंब कोकोपीटमध्ये आहे तेवढा ऑक्सिजन संपला की नवा यायला वाटच नाही. हेच ओलं कोकोपीट २० अंशांवर चार दिवस मुळांना सहन झालं असतं, ३५ अंशांवर तेवढी सवड मिळत नाही. त्यात पिथियमसारखे मूळकुजीचे जंतू गरम, साचलेल्या ओलाव्यातच जोमाने वाढतात. म्हणून उकाड्यात घाबरून पाणी वाढवणं ही सर्वांत धोक्याची प्रतिक्रिया आहे.

बहुतेक घरगुती रोपांच्या मुळांना १८ ते २४ अंश मानवतात, २८ पर्यंत चालून जातं. खोलीतलं तापमान आणि कुंडीतलं तापमान एकच असतं असं समजू नका. काचेतून थेट ऊन पडणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाकडच्या बाजूचं कोकोपीट ४० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. टोचायचा थर्मामीटर असेल तर दुपारी चारच्या सुमाराला कुंडीच्या उन्हाकडच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत आणि पाच सेंटिमीटर खोल घालून बघा. तिथे ३० च्या वर आकडा आला, तर पाण्याचा विचार बाजूला ठेवून आधी कुंडी थंड करा.

त्यासाठी सर्वांत आधी कुंडीवरचं ऊन तोडायचं. पानांना उजेड हवा असतो, कुंडीला नको. पश्चिमेच्या खिडकीला पांढरा पातळ पडदा लावा आणि कुंड्या काचेपासून अर्धा ते एक मीटर आत घ्या. काचेला टेकलेली पानं तशीही भाजतात. मात्र एकदम तीन-चार मीटर आत नेऊ नका. खिडकीपासून आत जाताना उजेड फार झपाट्याने घटतो, आणि कमी उजेडात रोप पाणी पिणं कमी करतं, म्हणजे ओली कुंडी आणखी जास्त दिवस ओली राहते.

त्यानंतर कुंडीभोवती हवेचा थर. गडद कुंडी तिच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर मोठ्या पांढऱ्या कुंडीत ठेवा आणि मधली जागा मोकळीच राहू द्या. बाहेरच्या कुंडीलाही भोकं हवीत आणि आतली कुंडी तळाला दोन लाकडी पट्ट्यांवर उचललेली हवी. दुसरी कुंडी नसेल तर पांढरा जाड कागद सैलसर गुंडाळला तरी फरक पडतो. तापलेल्या फरशीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर कुंडी थेट ठेवू नका. मातीची कुंडी भिंतीतून पाणी उडवते, त्यामुळे आतलं तापमान काही अंशांनी खाली राहतं, आणि मॉन्स्टेरासाठी मला ती या परिस्थितीत आवडते. पण त्या भिंतीवर क्षार साचतात आणि कोकोपीट जास्त लवकर वाळतं, म्हणून कॅलेथियाला ती देऊ नका.

पाणी स्वतः किती गरम आहे तेही बघा. उन्हात तापलेल्या टाकीतलं किंवा नळीतलं पहिलं पाणी हाताला कोमट लागत असेल, तर ते भरून रात्रभर घरात ठेवा आणि सकाळी वापरा. २० ते २४ अंश पुरे. बर्फाचे खडे कुंडीवर ठेवण्याचा सल्ला फिरतो, तो पाळू नका. या उष्ण प्रदेशातल्या रोपांच्या मुळांना अचानक गारठा बसला की त्यांची पाणी ओढायची क्षमता उलट घटते.

पानांच्या बाजूला वेगळं गणित चालतं. पाणी हवेच्या तहानेवर उडतं, नुसत्या तापमानावर नाही. २५ अंशांच्या हवेत बाष्पाचा दाब जास्तीत जास्त ३.२ किलोपास्कल असू शकतो, ३५ अंशांना ५.६. समजा सकाळी खोली २५ अंश आणि आर्द्रता ५० टक्के आहे. दुपारी तीच बंद खोली तापून ३५ झाली आणि बाहेरून बाष्प आलं नाही, तर आर्द्रता घसरून २८ टक्क्यांवर येते आणि हवेची तहान, म्हणजे बाष्पाचा जास्तीत जास्त दाब आणि प्रत्यक्षातला दाब यांतली तूट, १.६ वरून ४ किलोपास्कलवर जाते, म्हणजे अडीच पट. घरातल्या बहुतेक पानझाडांना ही तूट ०.८ ते १.२ च्या आसपास सुखाची असते. ४ वर पोचण्याआधीच मॉन्स्टेरासारखी रोपं पानांवरची रंध्रं मिटून घेतात. मग पाणी उडणं थांबतं, पान स्वतःला थंड करू शकत नाही आणि कुंडीतलं पाणीही कमी वापरलं जातं. म्हणजे ३५-३६ अंशांच्या कोरड्या दुपारी रोप ३० अंशांपेक्षा कमी पाणी पिऊ शकतं. ‘जितका उकाडा तितकं पाणी’ हे सरळ समीकरण इथे मोडतं, आणि काट्यावर दिवसाचे आकडे लिहून ठेवलेत तर ते तुम्हाला स्वतःला दिसेल.

मग पानांसाठी करायचं काय? हवा हलती ठेवा. पंखा मंद वेगावर, रोपांवर थेट न रोखता भिंतीकडे किंवा रोपांच्या वरून. पानं जेमतेम डोलली पाहिजेत, फडफडली नाही पाहिजेत. हलत्या हवेने पानाभोवतीचा तापलेला थर निघून जातो आणि कोकोपीटच्या पृष्ठभागालाही ताजी हवा मिळते. तिन्ही कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर त्यांच्यामधली आर्द्रता थोडी वर राहते. कॅलेथियासाठी ह्युमिडिफायर असेल तर उत्तम, ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पानांवर फवारणी करून मिळणारी आर्द्रता काही मिनिटांत संपते. खड्यांच्या ताटलीचाही परिणाम नगण्य असतो. या दोन्हींवर मेहनत घालवू नका. एसी लावत असाल तर त्याचा झोत कुंड्यांवर येऊ देऊ नका, कारण ती हवा गार असली तरी कोरडी असते.

रोपांच्या वाढीसाठीचे दिवे वापरत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. १०० वॅटचा दिवा, एलईडी असला तरी, शेवटी खोलीत १०० वॅटच उष्णता सोडतो. फक्त थोडी उजेडाच्या वाटेने पानांवर पोचून मग. बंद कपाटात किंवा लहान खोलीत हे जाणवतं. रोपं पूर्णपणे दिव्यावर असतील तर दिवे दुपारी बंद ठेवून रात्री ते सकाळ असे बारा तास लावा. खिडकीच्या उजेडावरच्या रोपांना हे करू नका, त्यांना अंधाराची रात्रच उरणार नाही.

इथपर्यंत सांगायचं तर, पाण्याची वेळ वजनावरून, कुंडी सावलीत, पानं हलत्या हवेत. आणि पाणी शक्यतो सकाळी लवकर, खोली तापायच्या आत. दिवसा वापर होऊन संध्याकाळपर्यंत कोकोपीटमध्ये हवा परत शिरलेली असते. दुपारी तापलेल्या कुंडीत भरपूर पाणी ओतलं तर तेच पाणी गरम होऊन रात्रभर मुळांपाशी बसतं. कॅलेथियाचं वजन खरोखरच दुपारपर्यंत मर्यादेखाली गेलं, तर शंभर-दीडशे मिलिलिटरचं छोटं पाणी द्या आणि उरलेलं सकाळी. तसं रोजच घडू लागलं तर कुंडी लहान पडतेय, पाणी नाही.

आता तपकिरी कडा. त्यांचं खापर एकट्या उकाड्यावर फोडू नका. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं, आणि कोकोपीटचे कण ते धरून ठेवतात. खतातलं किंवा पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आलं की कण ते पकडून घेतात आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतात. म्हणजे नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपाला एकीकडे कॅल्शियम मिळत नाही आणि दुसरीकडे क्षारांचा मारा. नवी पानं वेडीवाकडी, कडा करपलेल्या, हे त्याचं लक्षण. जुन्याच पानांची टोकं वाळत असतील तर क्षार साचल्याचा संशय जास्त.

उकाडा यात भर घालतो तो असा, की रोप पाणी जास्त ओढतं, क्षार त्या प्रमाणात ओढत नाही. कुंडीतलं पाणी निम्मं झालं की उरलेल्या पाण्यातले क्षार जवळपास दुप्पट तीव्र होतात. म्हणून दर पाण्याला थोडं खालून वाहून जाऊ द्या आणि गरमीत खत पातळ करा. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढलेलं क्षारांचं माप (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर). एरवी पानझाडांना १.० ते १.२ ईसीचं द्रावण देत असाल, तर आता ०.६ ते ०.८ पुरे. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर असेल तर त्याची पट्टी तपासा. ५०० च्या पट्टीवर १ ईसी म्हणजे ५०० पीपीएम, ७०० च्या पट्टीवर ७००. पीएच ५.८ ते ६.२ दरम्यान ठेवा. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, म्हणून लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि पाव ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला. दोन्ही घट्ट द्रावणात एकत्र करू नका, साका बसतो. आधी एक पूर्ण पाण्यात विरघळवा, मग दुसरं. नळाच्या पाण्याची मूळ ईसीच ०.७ च्या पुढे असेल तर खताला जागा फारशी उरत नाही. तिथे निम्मं आरओ मिसळणं हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो.

खालून वाहून आलेल्या पाण्याची ईसी दर दोन आठवड्यांनी मोजा. आत ०.८ दिलं आणि बाहेर १.२ पर्यंत आलं तर ठीक. त्याहून जास्त येत राहिलं तर क्षार साचतायत, कुंडी धुवायला हवी. धुताना नुसतं आरओचं पाणी नको, ०.४ ते ०.५ ईसीचं पातळ कॅल्शियमयुक्त द्रावण घ्या आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट, म्हणजे दोन लिटरच्या कुंडीला चार लिटर, अर्ध्या तासात सावकाश सोडा. हे काम गार सकाळीच करा आणि शेवटी कुंडी ४५ अंशात तिरकी करून दहा मिनिटं ठेवा. तिरकी केली की तळाच्या चिंब थरातलं बरंच पाणी कोपऱ्यातून निघून जातं. नायलॉनची जाड दोरी तळाच्या भोकातून आत चार बोटं आणि बाहेर चार बोटं लोंबती ठेवली तरी तेच काम कायमचं होतं.

नवं कोकोपीट तयार करताना ही कटकट आधीच मिटवता येते. ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात फुलवली की आठ-नऊ लिटर कोकोपीट होतं. गाळून निघालेल्या पाण्याची ईसी ०.५ च्या आसपास येईपर्यंत धुवा. मग लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि अर्धा ग्रॅम एप्सम सॉल्ट असलेल्या पाण्यात १२ ते २४ तास भिजवा, निथळवा, साध्या पाण्याने एकदा धुवा. चाळून बारीक भुकटी काढून टाका, कारण हवा अडवते ती तीच. हे तीव्र द्रावण रोप लावलेल्या कुंडीत कधीही ओतू नका.

वरचा थर सतत ओला राहिल्याने बारीक काळी चिलटं झाली असतील, तर वजनावर पाणी द्यायला लागलात की ती बरीचशी ओसरतील. उरलेल्या अळ्यांसाठी बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस इस्रायलेन्सिस, लेबलवरच्या मात्रेत पाण्यातून द्या.

शेवटी तुमचा मॉन्स्टेरा. कुंडी जड असेल तर ती खिडकीपासून मागे घ्या, तिरकी करून निथळवा, खत पूर्ण बंद ठेवा आणि वजन ४०० ग्रॅमनी उतरेपर्यंत पाणी देऊ नका. त्यात पाच-सहा दिवस गेले तरी चालेल. तेवढ्यात वास गेला आणि पानं रात्री ताठ व्हायला लागली तर आणखी काही करू नका. वास तसाच असेल, किंवा दिवसाला वीस-तीस ग्रॅमही वजन उतरत नसेल, तर मुळं काम करत नाहीयेत आणि रोप बाहेर काढावंच लागेल, उन्हाळा असला तरी. संध्याकाळी गारव्यात काढा. पांढरी-पिवळसर, टणक मुळं ठेवा. तपकिरी, मऊ आणि ओढल्यावर साल निघून आत नुसता दोरा उरतो अशी सगळी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. उरलेली मुळं धुऊन, त्यांना जेमतेम पुरेल इतक्या लहान कुंडीत लावा. जुनी मोठी कुंडी परत वापरण्याचा मोह होतो, पण कमी मुळं आणि जास्त ओलं कोकोपीट हे पुन्हा तेच. मिश्रण पाच भाग कोकोपीट, तीन भाग जाड पर्लाइट, दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे. जुनं कोकोपीट फेकून द्या. दीड-दोन वर्षांचं असेल तर ते तसंही कुजून, बारीक होऊन दबलेलं असतं.

लावल्यावर एकदाच नीट पाणी, मग २२ ते २६ अंशांच्या उजळ पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा आणि पहिले दोन आठवडे फक्त कॅल्शियम घातलेलं पातळ पाणी द्या, तेही वजन बघून. करपलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत, त्या कापल्या तरी चालतील. सुधारणा बघायची ती वजनात. रोजची घट दहा-पंधरा ग्रॅमवरून हळूहळू चाळीस-पन्नासवर गेली, तर नवी मुळं धरली असं समजा आणि खत ०.६ ईसीपासून परत सुरू करा.